काकांच्या पाण्यातलं लोखंड

पाण्यात लोखंड असतं, यावर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांची जेवढी श्रद्धा होती, तेवढी अख्ख्या नालासोपाऱ्यात कुणाची देवावरही नसेल. नव्वदीच्या त्या वर्षांत आमच्याकडे नळ यायचा होता आणि बोअरवेलच्या पाण्याने पांढरे बनियन महिन्याभरात खाकी होत. आमची गच्ची पाहून नव्या माणसाला ही पोलीस लाइन वाटे. "पाण्याला वारा लागू द्या, लोखंड मुकाट खाली बसतं," असं म्हणत काकांनी घरातल्या ताटांना खिळ्याने भोकं पाडली, ती गच्चीवर एकाखाली एक टांगली आणि तळाशी वाळूचं पिंप ठेवलं. त्यातलं एक ताट स्वयंपाकघरातच राहिलं आणि काकूंनी नेमका त्यात मला आमटी-भात वाढला. ताट माझ्या मांडीवर होतं. मी ओरडत उठलो, तर काका कौतुकाने म्हणाले, "धार बघा कशी एकसारखी पडते."

पेरूचं पान चुरगळून पाण्यात टाकायचं, पाणी काळं झालं की लोखंड आहे समजायचं, ही त्यांची परीक्षा. पान कायम खिशात. कुणाच्याही घरी पाण्याचा पेला पुढे आला की ते आधी तपासत, मग पीत.

शुभाने, म्हणजे त्यांच्या लेकीने, माणिकपूरच्या आपल्या ऑफिसातलाच मुलगा पसंत केला. घर अर्नाळ्याजवळ, भातशेतीवालं. बोलणी करायला निघताना तिने काकांचे सगळे खिसे रिकामे केले. मीही सोबत होतो. तिथे पाणी आलं आणि काकांना दारातला पेरू दिसला. ते उठले, पान तोडलं आणि सगळ्यांदेखत पेल्यात चुरगळलं. पाणी शाईसारखं झालं. शुभा रडायच्या बेतात आली.

"आमच्या पान्याला नावं ठेवता?" मुलाची आई म्हणाली.

"पाण्याला. मुलगा उत्तम आहे," काका म्हणाले. "या पाण्यात भात पिवळा होत असेल तुमचा."

बाईंनी तो काळा पेला उचलून बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "होतो. त्यावरून सासू मला मरेपर्यंत बोलली."

"जुनी ताटं आहेत?" काकांनी बाह्या सरसावल्या. बाई उठून ताटं घेऊन आल्या, आणि लग्न ठरलं.

पुढे काका दर रविवारी तिथली वाळू धुवायला जात. विहीणबाई शुभाला मदतीला बसवून स्वतः आत निघून जात. काही वर्षांनी तिकडे नळ आला, पिंपाची गरज संपली. पण काका होते तोवर विहीणबाई शनिवारी मुद्दाम बोअरवेल चालू करून वाळू तांबडी करून ठेवत.