अप्पांच्या शब्दांवर वाजलेली घंटी

त्या घंटीचा मला अजून राग येतो. हॉटेलच्या काउंटरवर असते तशी, वरून टपली मारली की टिंग करणारी. कोरमंगलातल्या एका ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये दर रविवारी सकाळी आमचा मराठी भाषणांचा क्लब भरतो, तिथे ती टेबलावर ठेवलेली असते.

आधी क्लबचं चांगलं सांगते, नाहीतर मी नुसतीच भांडकुदळ वाटेन. मी बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. वर्षानुवर्षं मीटिंगमध्ये माझं काम साहेब वाचून दाखवायचे आणि मी मान डोलवत बसायचे. चारचौघांत उभं राहिलं की पाठ केलेलंही विसरायचे. क्लबात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा दोन वाक्यं बोलून खाली बसले, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या खोट्याच वाटल्या, पण पुढच्या रविवारी परत गेले. वेळ बघणारा आधी हिरवं कार्ड दाखवतो, मग पिवळं, आणि वेळ संपली की लाल. हळूहळू मी लाल कार्डापर्यंत टिकायला लागले. मग एकदा ऑफिसात साहेबांनी माझे आकडे वाचायला घेतले, तेव्हा "मी सांगते, सर" म्हणून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून एकटीच हसत होते. हे त्या क्लबने दिलं, ते मी नाकारत नाही.

तेव्हा घंटी फक्त "अं, अं" करणाऱ्यांसाठी होती. मग मराठी भाषा दिन जवळ आला आणि आमच्या अध्यक्षांच्या अंगात आलं. हे पुण्याचे, सॉफ्टवेअरमधले, वयाने माझ्याहून कितीतरी लहान. त्यांनी जाहीर केलं, "आता आपण प्युअर मराठीवर फोकस करू. परका शब्द आला की बेल." हे वाक्य त्यांनी असंच्या असं उच्चारलं आणि कुणी हसलं नाही. इंग्रजी शब्दांचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "ते आता रूढ झालेत, काकू."

आमचं घराणं कानडी मुलखातल्या या गावात कधी आलं ते सांगायला कुणी उरलेलं नाही, इतकी शतकं झाली. आमच्या मराठीत कन्नड मिसळलेलं आहे. थोडं म्हणायचं तर आम्ही स्वल्प म्हणतो, आमटीला हुळी म्हणतो आणि दुकानाला अंगडी. अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, इथल्याच शिवाजीनगरात शिंप्याची अंगडी होती. लग्नातल्या बँडवाल्यांचे लाल कोट तेच शिवायचे. त्यांच्यावरच मी भाषण तयार केलं. स्वयंपाकघरात मी सराव करायचे तो ऐकून अप्पा म्हणाले, "मी पण येतो गं." स्वतः शिवलेला जुना कोट घालून, दाढी करून ते माझ्याबरोबर आले आणि मागच्या रांगेत ताठ बसले.

मी म्हटलं, "अप्पांची अंगडी बसस्टँडच्या मागे होती." टिंग. बसस्टँडला काही नाही, अंगडीला टिंग. "सकाळी स्वल्प कॉफी घेऊन ते मशीनवर बसत." टिंग. कॉफीला नाही, मशीनला नाही. कोटाच्या गुंड्यांबद्दल बोलले तर गुंड्यांवरसुद्धा टिंग! गुंडी हा चांगला मराठी शब्द, पण घंटीवर बसवलेल्या त्या पोराने जन्मात बटनाशिवाय काही ऐकलं नसावं. प्रत्येक टिंगला लोक हसत होते. वाईट हेतूने नव्हे, खेळ म्हणून. मी मागे पाहिलं. अप्पा मान खाली घालून कोटाची बाही चाचपत होते. माझं पुढचं सगळं पळालं आणि हिरवं कार्ड दिसायच्या आत मी खाली बसले.

अध्यक्ष म्हणाले, "कंटेंट मस्त होता, काकू. फक्त लँग्वेजवर काम करा." त्यांच्यावर कुणी घंटी वाजवली नाही.

परत येताना रिक्षात अप्पांनी कोट काढला आणि घडी करून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "मी बोलतो ते सगळंच चूक काय गं?"

या प्रश्नाबद्दल मी अजून कुणाला माफ केलेलं नाही.

खरा छळ घरी सुरू झाला. अप्पा जपून बोलायला लागले. "स्व..." म्हणायचे, थांबायचे आणि "थोडं" म्हणायचे. बँडवाल्यांच्या, गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत दोन-दोन तास जेवणारा माणूस आता मान खाली घालून जेवायचा आणि हात धुवायचा. मी मुद्दाम हुळी म्हणायचे, तर ते हळूच आमटी म्हणायचे. ऐंशी वर्षांच्या माणसाला त्याच्याच घरात बोलायची चोरी! माझं डोकं फिरलं. क्लब सोडून द्यावा असं मनात आलं, पण सोडला असता तर अप्पांना उत्तर मिळालं असतं की हो, सगळंच चूक.

मी तेच भाषण परत करायचं ठरवलं. अप्पांना चला म्हटलं. "मी नको," ते म्हणाले. "मला बघून तुझ्या तोंडात तेच शब्द येतील."

त्या रविवारी उभं राहण्याआधी मी अप्पांना फोन लावला आणि चालू फोन समोर टेबलावर ठेवला. सगळ्यांना सांगितलं, "माझे वडील ऐकतायत."

अंगडी म्हटलं. टिंग. मी थांबले, घंटी वाजवणाऱ्याकडे बघितलं आणि मोठ्याने पुन्हा म्हटलं, "अंगडी." स्वल्पला टिंग झालं. पुन्हा म्हटलं, "स्वल्प." आता कुणी हसत नव्हतं. मी म्हटलं, "तुमचे परके शब्द ऑफिसातून आले, आमचे शेजाऱ्यांकडून आले. आमच्यावर घंटी का?" अध्यक्ष म्हणाले, "काकू, रूल इज रूल." मी म्हटलं, "मग वाजवा की, आत्ताच वाजवा!" त्या पोराने अध्यक्षांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात मांडीवर घेतला. लाल कार्ड वर आलं तरी मी बोलत राहिले, भाषणातल्या शेवटच्या कोटाला इस्त्री होईपर्यंत. मी रागाने पेटले होते आणि आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता. टाळ्या झाल्या, थोड्या बिचकत. पण या वेळी त्या मला खोट्या वाटल्या नाहीत.

नियम अजून आहे. अध्यक्षही तेच आहेत. मी दर रविवारी जाते.

त्या दिवशी घरी पोचले तर अप्पा ताटावर बसलेले होते. भाषण कसं झालं म्हणून विचारावं, तर माझी हिंमत होईना. मी भात वाढला. त्यांनी वाटी पुढे सरकवली.

"स्वल्प हुळी वाढ," ते म्हणाले. "आणि त्या कोटांच्या गुंड्या पितळेच्या होत्या, ते सांगायचं विसरलीस. अंगडीत एकदा काय झालं..."

भात निवला तरी ते सांगतच होते.