डब्यावरचा कानतुट्या

"अगं ताई, मांजर आहे ते, जावई नव्हे!"

"जावई मुकाट्यानं गिळतो रे. मांजर नाही गिळत."

भिंतीपलीकडून हे ऐकलं तेव्हा मी घरात नवीच होते. हातातले कपडे पिळायचे सोडून कान लावून उभी राहिले. भांडत होत्या माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं, आणि त्यांचे पाठचे भाऊ, माझे भावजी. कशावरून, तर मांजराच्या जेवणावरून. हसू नका, आमचं अख्खं घर त्यावर चाललं.

वन्संचा एका कानाचा बोका होता, कानतुट्या. मेल्याचे नखरे असे की शिळं हुंगायचासुद्धा नाही. वन्सं त्याच्यासाठी मासे वाफवायच्या, काटे काढायच्या आणि त्याच रसात कालवून गार करायच्या. भावजी डब्यांच्या कारखान्यात कामाला. त्यांच्या डोक्यात आलं, हेच डब्यात भरून विकलं तर? गल्ली पोट धरून हसली. पण मोठ्या घरच्या बायका गाड्या घेऊन दारात यायला लागल्या. मागं शेड उभी राहिली, डब्यावर कानतुट्याचा फोटो आला, खाली 'शाही' असं लिहिलं. शेजारीण म्हणाली, "आमच्या ह्यांना ठेवून घ्या हो बोका म्हणून." एका पाहुण्यानं तर डबा पावाला लावून खाल्ला, वर मीठ कमी म्हणाला.

वन्संचा नेम एकच. रोज पहिल्या पातेल्यातली वाटी कानतुट्यापुढं. त्यानं खाल्लं की शेडकडं तोंड करून ओरडायचं, "लावा झाकणं!"

खप वाढला तशी भावजींनी गुपचूप मासे कमी केले आणि पीठ वाढवलं. कानतुट्यानं वाटी हुंगली, आणि घाण केल्यावर मांजर माती ओढतं ना, तशी पंजानं फरशी ओरबाडली. त्यावरून ते भांडण.

"बोका म्हातारा झालाय, त्याला काय चव?"

"मग त्याचं तोंड डब्यावरून काढ. तो जे खात नाही ते त्याच्या तोंडावर मी विकू देणार नाही."

भावजी इरेला पेटले. गुबगुबीत पांढऱ्या मांजरीचा फोटो लावला. वन्संनी शेडमध्ये पाऊल टाकायचं सोडलं. दोघांत अबोला. मग "वहिनी, तिला सांगा" आणि "त्याला म्हणावं", माझा नुसता टपालवाला झाला.

हळूहळू डबे परत यायला लागले. घरोघरच्या मांजरांनी फरशा ओरबाडल्या होत्या. आमची मांजर आता शेजारणीकडं जेवते, अशी बोंब एक बाई शेडच्या दारात येऊन मारून गेली.

एका सकाळी भावजी स्वतः वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे.

"ताई, बोका उठला का?"

"तो कधीच उठलाय. तू कधी उठतोस याची वाट बघत होतो आम्ही."

वाटीत नुसते मासे होते. कानतुट्यानं ती चाटूनपुसून साफ केली, आणि वन्सं अशा ओरडल्या की गल्लीतली कुत्री दचकली. डब्यावर पुन्हा कानतुट्या आला.

पुढं तो गेला, मागं त्याची लेकरं, नातवंडं आली. फोटो मात्र त्याचाच राहिला. वन्संचे गुडघे गेले, तरी वाटी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही. शेवटच्या सकाळीही भिंत धरत धरत शेडमधून वाटी आणली, खाली ठेवली. मांजरीनं आधी अंग चाटलं, मग शेपूट चाटलं, मग वाटीकडं बघितलं.

"घे बाई सावकाश, घराणंच तुझं तसलं," वन्सं म्हणाल्या.

वाटी रिकामी झाली. वन्सं खिडकीशी गेल्या, "लावा झाकणं!" म्हणून ओरडल्या. मग वाटी घासली, पालथी घातली आणि जरा पडते म्हणून आत गेल्या.