आरडीचं ऐकणारे आप्पा

आप्पा मिस्त्री गिऱ्हाइकाकडे बघत नसत. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. पहिल्याच दिवशी मी गाडीबद्दल माहिती द्यायला लागलो, तर म्हणाले, "साहेब, जरा बाजूला व्हा. तुमच्या बोलण्यात तिचं ऐकू येत नाही."

मी मूळचा नाशिकचा, नरोलीच्या एका प्लास्टिक कारखान्यात दर्जा तपासणारा इंजिनिअर. शेहेचाळिसाव्या वर्षी पोट सुटलं, केस पिकले आणि मी जुनी आरडी साडेतीनशे मोटरसायकल घेतली. बायको म्हणाली, "डाय स्वस्त पडला असता." आप्पा धुळ्याकडचे, सामरवरणीला त्यांचं पत्र्याचं गॅरेज. या जपानी वाणाची गाडी आपल्याकडे बनू लागली तेव्हा ते तरुण होते. "तिच्यापुढे बाकी गाड्या म्हणजे बैलगाड्या होत्या, भाऊ! दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. पेट्रोल प्यायची म्हणून लोकांनी सोडली. आता तेच लोक शोधत फिरतात." जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे ड्रम आला, तो तेवढा धरत नाही, हेही त्यांनी दोनदा बजावलं. मी दोन्ही वेळा मान डोलावली.

किक मारताना मी घामाघूम व्हायचो. "लाथ मारू नका," ते म्हणत, "पायरी चढा." महिनाभराने पायरी जमली आणि मी स्वतःला रेसर समजू लागलो.

त्याच भरात एका रविवारी सुरंगीच्या रस्त्याला गाडी सुसाट सोडली. वळण आलं, ब्रेक दाबला, तेव्हा ड्रमवरचं व्याख्यान आठवलं. मी थेट भाताच्या खाचरात. चिखलाने हाडं वाचवली. घरी सांगितलं, बैल आडवा आला; आप्पांनाही तेच. आप्पा टेम्पो घेऊन आले, आधी गाडीला हात लावून पाहिलं, मग मला. "बैल कुठेय?" एवढंच म्हणाले. बायकोला मात्र त्यांनी कधीच काही सांगितलं नाही.

दुरुस्ती झाली. आप्पांनी पेचकस लावून ऐकलं आणि म्हणाले, "एकदम ओके. घेऊन जा."

मला मात्र उजवीकडून बारीक खडखड येत होती. भीत भीत म्हटलं. त्यांनी पुन्हा पेचकस लावला. बराच वेळ लावून धरला. मग गाडी बंद करून फडक्याने हात पुसत बसले.

"मला बारीक आवाज नाही ऐकू येत, साहेब. दोन वर्षं झाली. हाताला कळतं त्यावर चालवत होतो."

इंजिन उघडलं. उजवा पिस्टन सैल होता. तशीच पळवली असती तर जाम झाला असता, मागचं चाक एकदम अडकलं असतं आणि या वेळी खाचर असेलच असं नव्हतं. त्या दिवसापासून आप्पांनी आरडी एकट्याने दुरुस्तीला घेणं बंद केलं.

मग दर रविवारी मी जाऊ लागलो. मी ऐकायचं, त्यांच्या कानाशी मोठ्याने सांगायचं, ते ठरवायचे. मी कारखान्यातल्या अहवालासारखा सुरू व्हायचो. "साहेब, आवाज सांगा, भाषण नको!" मग मी तोंडाने टकटक, फटफट, खर्रर्र करून दाखवायचो. समोरच्या चहावाल्याला वाटायचं, कारखान्याने मला काढून टाकलंय.

यंदा आप्पांना त्यांच्या मुलीने धुळ्याला नेलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी गॅरेज घेणाऱ्या नव्या मिस्त्रीला सगळं दाखवलं. शेवटी माझ्याकडे बोट केलं.

"आरडी आली आणि अडलं तर ह्यांना बोलव. ह्यांना चालवता नाही येत. पण ऐकू येतं."

मी तोंड फिरवलं. धूर डोळ्यात गेला, असं सांगितलं. गाडी तेव्हा बंद होती.