नळीच तर हाय, ताई!

आमच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत. कुणाची तरी नळी फुटते, आणि किस्सा स्वतःच्या पायानं दारात येऊन उभा राहतो. वर माझ्यावरच ओरडतो! लोक म्हणतात, "ताई, तुमी लई चिडता." चिडू नको तर काय ओवाळू?

बीडमध्ये आमचं डोसिंग पंपांचं, म्हणजे पातळ पदार्थ मोजून सोडणाऱ्या पंपांचं, दुकान आहे. मी आणि माझा नवरा विश्वनाथ मिळून चालवतो. मोटर, वायरिंग त्याच्याकडं. कुठल्या कामाला कुठली नळी, हे माझ्याकडं. पंप जोडायला इस्माईलभाई, माझ्या लग्नाच्या आधीपासून इथंच आहेत. हा पंप ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. पोरं लांब प्लास्टिकच्या पिशवीतला गोड बर्फ दाबत दाबत वर आणतात ना? तसंच. पंपातले रोलर फिरतात, नळीला दाबत जातात, आतलं पातळ पुढं सरकतं. ते पातळ दुसऱ्या कशालाच शिवत नाही, फक्त नळीला. म्हणजे जे सोसायचं ते नळीनं!

आणि गिऱ्हाईक म्हणतं, "नळीच तर हाय, ताई! द्या कुठली बी!"

*

एका दूध संकलन केंद्राला आम्ही सिलिकॉनची नळी दिली होती, दुधासाठी. थोड्याच दिवसांत तिथला सुपरवायझर नळीचे तुकडे घेऊन आला. वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखे कडक! हात लावला की मोडत होते.

"यातून काय सोडलं?"

"काय न्हाई. टाकी धुवायचं अॅसिड."

"अॅसिड? कावून?"

"तुमीच म्हणलात की, ही नळी खाण्यापिण्याच्या वस्तूला चालते."

"अहो, अॅसिड कोण खातंय?"

तो शांतपणे म्हणाला, "तेच म्हणतोय ना मी. नळीला कुठं खायचंय? नुसतं पुढं तर पाठवायचंय!"

मी पाणी प्यायला आत गेले. नाहीतर त्या दिवशी हातून काहीतरी झालं असतं.

*

करडईचं तेल काढणारे एक शेठ आले. बाटल्या भरायला पंप हवा होता. त्यांनी पाण्यासाठीची काळी रबरी नळी हातात घेतली. मी म्हणाले, "ही घेऊ नका. तेलात ही फुगते, मऊ पडते. तेलाला वेगळी लागते."

शेठ माझ्याकडं बघेचनात! माझ्या डोक्यावरून मागं बघून म्हणाले, "साहेब, तुमी सांगा."

मागं विश्वनाथ मोटर खोलून बसला होता. त्यानं मानही वर केली नाही. "ती नळी तेलात फुगंल."

"बघा! आता कसं नीट कळलं!"

माझ्या कानशिलातून वाफ निघत होती. विश्वनाथनं पाना खाली ठेवला. "शेठ, मला यातलं काय कळत न्हाई. आत्ता ही बोलली, तेच मी बोललो."

शेठ माझ्याकडं वळले आणि रागावून म्हणाले, "मग हे तुमी आधीच सांगायचं न्हाई का, ताई?"

*

हा लहानसा. औषध फवारणीचं सामान विकणारा एक दुकानदार पंप परत घेऊन आला. "फिरतोय झकास, पण पुढं काई जात न्हाई."

उघडून पाहिलं, तर आमची जाड नळी काढून त्यानं तेवढ्याच भोकाची, पण पातळ भिंतीची नळी बसवलेली! रोलर तिला पुरतं दाबूच शकत नव्हते. वर चढलेलं पुन्हा खाली उतरायचं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात इस्माईलभाई म्हणाले, "भाभी, राहू द्या. सगळं गोल गोल फिरतंय, आवाज बी होतोय, अन् पुढं काईच सरकत न्हाई. आपल्याकडं मीटिंगा अशाच असतात. कुणी तक्रार करतंय का?"

*

याचं मात्र मला आजही हसू येत नाही.

बालाघाटाच्या डोंगरात एका बचत गटाच्या बायका सीताफळाचा गर काढतात. रुक्मिणबाई त्यांच्या प्रमुख. एकेक फळ हातानं फोडून, बी वेगळी करून, गर आमच्या पंपानं डब्यात भरतात. मी त्यांना नळी नीट सांगितली होती. पण गटासाठी सामान खरेदी करणारा एक सरकारी अधिकारी मध्ये पडला आणि बागेला पाणी घालायच्या पाइपचा तुकडा लावून दिला. "दिसायला सारखाच तर हाय!"

सगळ्या गराला प्लास्टिकचा वास आला. गर विकत घेणाऱ्या आइस्क्रीमवाल्यानं डबा उघडला आणि गाडी तशीच माघारी धाडली. मी पोचले, तेव्हा बायका तो गर खड्ड्यात ओतत होत्या. रुक्मिणबाई रडत नव्हत्या. नुसत्या बोटांकडं बघत होत्या. बिया काढून काढून ती काळी पडली होती.

अधिकारी तिथंच उभा होता. त्यानं चमचाभर गर तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाला, "मला तर व्हॅनिला लागतंय!"

रुक्मिणबाईंनी अख्खा डबा त्याच्या पुढ्यात आणून ठेवला. "मग खा! हाताखालच्या माणसांनाबी बोलव! खड्ड्यात तरी कावून घालायचं?"

*

आणि गोविंदकाका.

दिंद्रुडच्या पलीकडं एका गावात पाण्याची टाकी गोविंदकाका सांभाळायचे. वयस्कर माणूस, अबोल. टाकीच्या पाण्यात हायपो, म्हणजे क्लोरीनचं द्रावण, सोडायला आमचा पंप होता. हायपो नळीला कुरतडतो, म्हणून त्याला चालणारीच नळी मी लावली होती. पुढं देखभाल एका ठेकेदाराकडं गेली. त्यानं ती काढून हार्डवेअरच्या दुकानातली बसवली.

एका सकाळी काका पंप चालतोय का बघायला वाकले. नळी फुटली आणि हायपो थेट उजव्या डोळ्यात! ते चाचपडत नळाखाली गेले, डोळा धुवत राहिले. बीडला डॉक्टरांनी डोळा वाचवला, पण आता त्यातून माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसतो.

सरपंचबाईंनी पंपघरातच सगळ्यांना बोलावलं. मीही गेलते. ठेकेदार खुर्चीत रेलून म्हणाला, "कुठली बी नळी चालते हो! म्हाताऱ्याला वाकून बघायचं काय काम होतं? बघायला गेला म्हणून लागलं."

काका डोळ्याला पट्टी बांधून कोपऱ्यात उभे. त्यांना तसं बघून मला जास्त चीड आली.

ठेकेदाराच्या नळीचं उरलेलं वेटोळं तिथंच खुंटीला होतं. मी त्यातला कोरा तुकडा कापला, पंपात बसवला, खाली हायपोचा डबा सरकवला. नवी नळी लगेच फुटत नाही, हे मला ठाऊक होतं. धंदा करतो म्हटल्यावर त्यालाही ठाऊक असायला हवं होतं.

मी स्टूल ओढून पंपासमोर ठेवलं. "या. बसा इथं. काका वाकायचे तसं वाका."

"कशाला, ताई?"

"नळी तुमचीच हाय. चालते म्हणता ना? वाका, मी बटण दाबते."

सरपंचबाईंनी मानेनंच त्याला स्टूल दाखवलं. तो उठला, दोन पावलं पुढं आला. स्टुलावर बसला. नळीकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं. मी बटणावर बोट ठेवलं.

त्यानं हळूच विचारलं, "कुणाकडं गॉगल हाय का?"