आईची तोरडी आणि भेगेखालचं राज्य

माझ्या आईची पायातली चांदीची तोरडी ज्या माणसामुळे जमिनीत गेली, तो माणूस काल गेला.

पुंडलिककाका. अकोल्याचे. पोरांसाठी पुस्तकं लिहायचे.

ज्यांनी ‘भेगेखालचं राज्य’ वाचलं नाही, त्यांच्या बालपणाची मला मनापासून कीव येते. सॉरी, पण येते.

आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात हात खोल भेगा पडतात. काकांनी त्या भेगांखाली अख्खं राज्य वसवलं होतं. दारावर घोरपड हवालदार. टपाल वाटायला विंचू. (नांगी वर करून वाटायचा, म्हणून कोणी पत्र नाकारत नसे.)

आणि राज्याचा एक नियम होता. भेगेत आवडती वस्तू टाकायची, पेरणीआधी शेतात वखर फिरतो त्या वखरपाळीच्या वेळेला ती दुप्पट होऊन वर येते.

मी अकरा वर्षांची होते. तेल्हाऱ्याजवळचं आमचं गाव, कपाशीचं शेत आणि आईचा तोरड्यांचा एकच जोड.

म्हटलं, आईला दोन जोड करून देऊ.

एक तोरडी टाकली. टण्णकन वाजलीसुद्धा. मला वाटलं, हवालदाराने पोच दिली.

वखरपाळी झाली. ढेकळं निघाली, मागच्या सालच्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, खुंटं निघाली, बाबांची हरवलेली चुन्याची डबी निघाली.

तोरडी नाही.

इथपर्यंत गंमत होती. पण तोवर आईचं लक्ष दागिन्यांच्या डब्याकडे गेलं, आणि तिचा संशय गेला सुमनमावशीवर. सुमनमावशी आमच्याकडे पऱ्हाट्या उपटण्यापासून सगळ्या शेतकामाला यायची. येताना माझ्यासाठी ओच्यात बोरं आणायची.

आई तोंडावर काही बोलली नाही. फक्त तिला घरात पाणी प्यायला बोलावणं बंद केलं. सुमनमावशीला कळायचं ते कळलं. ती यायचीच थांबली.

आणि मी गप्प. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

शेवटी मी काकांनाच पत्र लिहिलं. पुस्तकाच्या मागे पत्ता असायचा आणि ते प्रत्येक पोराला उत्तर द्यायचे. मी लिहिलं, दुप्पट नको, एकच परत पाठवा, सुमनमावशीचं नाव खराब झालं आहे.

पोस्टकार्ड आलं. दोन ओळी. ‘रविवारी येतो. त्याआधी बोलायची हिंमत झाली, तर माझी वाट पाहू नकोस.’

हिंमत झाली नाही.

रविवारी भर उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून एक किडकिडीत माणूस एसटीतून उतरला आणि घर विचारत आला. मला वाटलं होतं, लेखक म्हणजे जरा जाडजूड असेल.

आईने गूळपाणी दिलं. काका म्हणाले, “बाई, तुमची तोरडी माह्या पुस्तकानं नेली.”

आई बघतच राहिली. “म्हंजे?”

“ते आता मंदा सांगते. मी फक्त संगं बसाले आलो.”

मी सांगितलं. रडत, शेंबूड पुसत, घोरपड हवालदारासकट सगळं सांगितलं.

आईने मला मारलं नाही. काकांकडे वळली. “पोराईले असं काहून शिकवून राहिले तुमी?”

“चुकलं माह्यं,” काका म्हणाले. “लिवतानी वाटलं नवतं का कोनी खरंच टाकन.”

आई उठली, पायात चपला घातल्या आणि तडक सुमनमावशीच्या घरी गेली. तिथे काय बोलणं झालं ते दोघींनी आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही. पण तासाभराने दोघी सोबत आल्या.

मग बाबा, काका आणि अर्धं गाव सुतळीला लाऊडस्पीकरचं चुंबक बांधून शेतभर वखरपाळीतून उरलेल्या भेगा धुंडाळत फिरलं. चांदीला चुंबक चिकटत नाही, हे आम्हाला दिवस मावळताना कळलं.

सुमनमावशी हसून हसून लोळायची बाकी होती. “भाऊ, तुमचा राजा लय लबाड हाये.”

“हाये ना,” काका म्हणाले. “त्याले एक चांगला खजिनदार पायजे.”

पुढच्या आवृत्तीत शेवटच्या पानावर चौकट आली. ‘भेगेत फक्त चिठ्ठी टाकावी. दागिने घेणे दरबाराने बंद केले आहे. हुकमावरून, घोरपड हवालदार.’

आणि पुढच्या पुस्तकात राज्याला नवी खजिनदार मिळाली. खजिनदार सुमनबाई. जिच्या शब्दावर राजाही मोजदाद न करता सही करायचा.

सुमनमावशीला वाचता येत नव्हतं. ते पान मी तिला किमान वीस वेळा वाचून दाखवलं. दरवेळी म्हणायची, “पुन्हा वाच वं, तो सहीवाला भाग.”

काल शाळेच्या ग्रुपवर काकांची बातमी आली. आज सकाळी अमरावतीहून पहिली गाडी पकडून गावी आले.

आईला सांगितलं. ती उठली. डब्यातून उरलेली एक तोरडी काढून आणली. इतकी वर्षं तिने ती ना मोडली, ना जोड केला.

मी म्हटलं, “आई, दागिने बंद आहेत. हवालदाराचा हुकूम.”

“टाकून नाही राह्यली मी,” आई म्हणाली. “त्याईले चिठ्ठी लिह्य. म्हनाव, आता तिकडं गेलेच हा, तं दुसरी पाहून ठेवा. अशी हाये दिसाले.”

मी नमुना बघून चिठ्ठीत तोरडीचं चित्र काढलं. घुंगरं मोजून काढली. आणि आम्ही दोघींनी जाऊन ती भेगेत टाकली. ऊन मी म्हणत होतं, आणि आई पदर डोक्यावर घेऊन वाकून आत बघत होती.

चिठ्ठीच्या खाली मी तिच्या नकळत दोन ओळी लिहिल्या आहेत. त्या इथेही लिहिते.

काका, नमस्कार. तोरडी सापडली तर वर पाठवू नका, आई येईल तेव्हा तिच्याच हातात द्या.

आणि घाई अजिबात नाही. तिला इकडे अजून पुष्कळ कामं आहेत.

तुमची, मंदा