मलमवाल्यांचा कान

प्रोसेसरवरची पेस्ट कधी बदलायची, हे मलमवाल्यांना नुसतं विचारून भागत नसे. ते आधी माणसाला खुर्चीत बसवायचे, त्याचा कॉम्प्युटर चालू करायचे आणि डोळे मिटून पंख्याचा आवाज ऐकत राहायचे. पंखा रडत असेल, तर नुसती धूळ. ओरडत असेल, तर आतली पेस्ट वाळली; प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूच्या ठोकळ्यात पोचत नाही, म्हणून बिचारा जीव तोडून फिरतोय. गुणगुणत असेल, तर मशीन उचला आणि घरी जा. दरवर्षी हौसेनं पेस्ट बदलून मागणारेही येत. त्यांना ते म्हणायचे, "चालत्या गाड्याला खीळ कशाला घालता? जखम नाही तिथं मलम कशाला?" त्यावरूनच हे नाव पडलं. खरं नाव बाहेर पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण!

लग्न झालं तेव्हा दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली होती. सुट्या भागांतून दोघांनी पहिला कॉम्प्युटर जुळवला आणि त्यावर बायको जाहिरातीची पत्रकं टाइप करायची. पंख्याचे आवाज त्यांनी तिला तोंडानं काढून शिकवले, अगदी कानाशी तोंड नेऊन. "हे बघ, हे रडणं. आणि हे ओरडणं." ती हसून हसून बेजार व्हायची. "तुमचं सगळंच रडणं वाटतं मला," म्हणायची. पण महिन्याभरात तिचा कान असा तयार झाला, की भिंतीपलीकडून ती सांगायची, "अहो, ओरडतोय बरं का!"

पेस्ट लावायला मात्र त्यांनी तिला एकदाच दिली. ते मधोमध वाटाण्याएवढा ठिपका ठेवायचे. पुढचं काम ठोकळ्याच्या दाबाचं. हिनं पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि चारी कोपऱ्यांपर्यंत ती सारवून काढली.

"अगं, पावाला लोणी फासतेयस का?"

"कोपरे कोरडे राहिले तर?"

"नाही राहत."

"राहिले तर?"

त्यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. त्यांनी ट्यूब काढून घेतली. ते दिवस आठवले, की मलमवाले आजही एकटेच हसतात. खोली पुढे मोठी झाली, मुलगी शिकली, नोकरीसाठी परगावी गेली. पहिला कॉम्प्युटर घरी आला. त्याचे आतले भाग बदलत गेले, पण खोकं तेच राहिलं, आणि बायको अजून त्यावरच हिशोब करायची, मुलीशी बोलायची.

आणि मग फोटोवाल्याची भानगड झाली. तो त्यांचं जुनं गिऱ्हाईक. मलमवाल्यांनी त्याचं मशीन नेहमीसारखं डोळे मिटून ऐकलं. आवाज आला तो इतका बारीक, की धूळच असणार. झटकून परत दिलं. चार दिवसांनी ते ऐन कामात तापून बंद पडलं आणि शाळेच्या फोटोंवरची दिवसभराची मेहनत पाण्यात गेली. फोटोवाला भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. मशीन परत टेबलावर ठेवत तो फक्त म्हणाला, "काका, केवढ्यानं ओरडत होता हो! तुम्हाला ऐकू नाही आलं?"

मलमवाले दुपारीच घरी आले आणि घरचा कॉम्प्युटर चालू करून त्याच्यासमोर बसले. याची पेस्ट त्यांनी बदलली होती मुलगी परगावी गेली त्या वर्षी. आता ती वाळलेली असायला हवी, आणि वाळली असेल तर पंखा ओरडायला हवा. त्यांना तर ओरडणं काही ऐकू येत नव्हतं. म्हणजे आज फैसला. पेस्ट मऊ निघाली, तर कान शाबूत. कडकडीत निघाली, तर दुकानाला कुलूप.

बायको दारात आली. "अहो, त्याला कशाला हात लावताय? चांगला चाललाय की!"

"तू थांब."

त्यांनी मशीन बंद केलं, थोडं निवू दिलं, खटका सोडला आणि ठोकळा अलगद फिरवून उचलला. पेस्ट मऊ! बोटाला ओली लागली. "बघ! कान शाबूत आहे माझा!" ते ओरडलेच. डोळ्यांत पाणी आलं, त्याची त्यांना लाजही वाटली नाही. मग पुसायला कापड घेतलं आणि हात थांबला. पेस्ट चारी कोपऱ्यांपर्यंत गेलेली होती. त्यांचा ठिपका जन्मात कधी कोपऱ्यांना पोचला नव्हता.

त्यांनी विचारलं, "कधी केलंस?"

"उन्हाळ्यात."

"ओरडत होता?"

"केवढ्यानं! तुम्ही त्याच्या शेजारी बसून पेपर वाचत होता."

"मग सांगायचं ना मला!"

"काय सांगू? जीभ रेटेना. वाटायचं, आज ऐकतील, उद्या ऐकतील. शेवटी एकदा तुम्ही दुकानात गेल्यावर मीच उघडला."

मलमवाल्यांना राग आला, लाज वाटली. पण त्याहून वाईट वाटलं ते याचं, की घरभर चाललेला तो आरडाओरडा ती इतके दिवस एकटी ऐकत होती. त्यांनी जुनी पेस्ट निगुतीनं पुसली, खिशातून ट्यूब काढली आणि तिच्यापुढे धरली.

"लाव. तुझ्या पद्धतीनं."

तिनं पुठ्ठ्याचा तुकडा शोधला. चारी कोपरे झाले. ठोकळा बसला, खटका लागला, मशीन चालू झालं. मलमवाल्यांनी सवयीनं डोळे मिटले. काही नाही. खोली नुसती गप्प.

मग त्यांच्या डाव्या कानाशी, जो जरा बरा होता त्याच्याशी, ऊब आली. तिनं तोंड अगदी जवळ आणलं होतं आणि ती तोंडानं आवाज काढत होती, त्यांनीच शिकवलेला. रडणं नव्हतं ते, ओरडणं तर नव्हतंच.

"गुणगुणतोय," मलमवाले म्हणाले.

"हो."

डोळे न उघडताच ते म्हणाले, "उद्या लवकर आवर. फोटोवाल्याचं मशीन ऐकायचंय तुला."