वहिनीची दोन नावं

"शुभदा गेली गं," एवढंच दादा फोनवर बोलला आणि फोन शेजाऱ्यांच्या हातात दिला. मीरा रोडच्या घरी पोचेपर्यंत माझ्या मनात एकच होतं, वहिनी ज्याची वाट बघत होती ते झालंच नाही...

वहिनी वनस्पतिशास्त्राची. लग्नाआधी रत्नागिरीकडच्या सड्यांवर, उघड्या कातळपठारांवर हिंडून तिने गवतं, झुडपं गोळा केली, वाळवून कागदांवर शिवली, आणि ती मुंबईच्या एका वनस्पतिसंग्रहात ठेवली गेली. प्रत्येक कागदावर गोळा करणारीचं नाव, मालती पाटील. मग ती आमच्या घरी आली. रीतीप्रमाणे दादाने ताटातल्या तांदळांत अंगठीने 'शुभदा' लिहिलं, आम्ही पेढे खाल्ले. काम तिने सोडलं नाही. राईला, घोडबंदरला खाडीकाठी साडी खोचून गुडघाभर चिखलात उतरायची. एक कोळीण तिला म्हणाली होती, "बाय, इथं मासली न्हाय गावनार." "मला गवत हवंय," असं वहिनीने सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला. घरी चिखलाच्या पावलांवरून आईची बोलणी खायची ती वेगळीच. या काळातल्या कागदांवर नाव, शुभदा राऊत.

गेल्या वर्षी एका तरुण संशोधक मुलीने विस्मृतीत गेलेल्या अभ्यासक बायकांवर लेख लिहिला. त्यात दोघी होत्या. मालती पाटील, 'लग्नानंतर काम सोडलं असावं'. आणि शुभदा राऊत, 'सुरुवातीची माहिती मिळत नाही'. लेख वाचून वहिनी दिवसभर जेवली नाही. "सोडलं असावं म्हणे... माझ्या दोन अर्ध्या बायका केल्यात." निदान नाव तरी आलं, म्हणून मी समजूत घालायला गेले, तर माझ्यावरच उखडली. "जन्मभराचं काम आहे माझं. मला ते एका जागी हवंय." तिने त्या मुलीला घरी बोलावलं, सगळं सांगितलं. मुलगी ओशाळली, पण चिकाटीची होती. संग्रहाकडे पाठपुरावा करत राहिली. वहिनी अंथरुणाला खिळली तरी विचारायची, तिचा फोन आला का?

फोन आला तो तेराव्यानंतर. "मावशी, दोन्ही नोंदी एक करतायत. फक्त कुठल्या नावाखाली ठेवायच्या ते सांगा ना." मला रडू आलं आणि रागही आला. उत्तर जिने द्यायचं, तीच उरली नव्हती. मी आत गेले. दादा तिच्या पलंगावर बसला होता. आणलेली डहाळी वर्तमानपत्रात घालून गादीखाली दाबायची तिची सवय. शेवटची अजून तिथेच आहे, म्हणून तो कुणाला गादी हलवू देत नाही. मी त्याला विचारलं.

त्याने गादीच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "मालती सांग." इतक्या वर्षांत ते नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"शुभदा मी ठेवलं होतं," तो म्हणाला. "तिला कधी विचारलंच नाही."